ब्रेकची हवा काढूनही पेडल खालीच: धरमपेठेतल्या एका मॉरिस मायनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९५९ ची मॉरिस मायनर १०००, चार दारांची, ९४८ सीसी इंजिनची. मालक साठी ओलांडलेले, निवृत्त विद्युत अभियंता. मदतीला अभियांत्रिकीला शिकणारी पुतणी. जागा धरमपेठेतल्या जुन्या घराची पोर्च, आणि दिवस एप्रिलअखेरचे. नागपुरात या दिवसांत सकाळी दहानंतर पत्र्याखाली काम करणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, त्यामुळे सगळं काम पहाटे साडेपाच ते नऊ या वेळेतच झालं.

या गाडीच्या ब्रेकची रचना समजली नाही तर पुढचं प्रकरण कळणार नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबून थांबवणारे), लॉकहीड कंपनीच्या पद्धतीचे. १९६२ साली १०९८ सीसी इंजिन येईपर्यंत मायनरला पुढेमागे सात इंचीच ड्रम होते. पुढच्या प्रत्येक चाकात ऑइलच्या दाबानं शू ड्रमकडे ढकलणारे दोन व्हील सिलिंडर, मागच्या प्रत्येकात एक. म्हणजे सिलिंडर सहा, हवा काढायचे (ऑइलमध्ये अडकलेले बुडबुडे बाहेर सोडायचे) निपल चार आणि शू वर घ्यायचे, म्हणजे ड्रमजवळ आणायचे, अॅडजस्टरही सहा. ऑइलचं सर्किट एकच. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसून चालकाच्या पायाखाली, चॅसीच्या दांड्यात बसवलेला आहे. ऑइल भरायचं तर गालिचा उचलायचा, फ्लोअरमधलं रबरी झाकण काढायचं आणि बॅटरी मारून आत बघायचं. ऑइलची टाकी मास्टर सिलिंडरच्याच अंगात आहे आणि ती फार लहान आहे. हे शेवटचं वाक्य पुढे महागात पडलं.

गाडी वर्षभर उभी होती. हिवाळ्यात एका गॅरेजमध्ये सहाही व्हील सिलिंडरच्या रबर किट बदलल्या, शूवर नवे लायनर (घासणारं अस्तर) लावले आणि हवा काढून दिली. मिस्त्री अॅम्बेसेडरवर हात बसलेला. अॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्डच, त्यामुळे जुन्या मिस्त्र्यांना ही घराणी परकी वाटत नाहीत.

तक्रार

पेडल पहिल्या दाबात जवळजवळ फ्लोअरला टेकायचं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावर यायचं आणि धरायचं. मिनिटभर थांबून दाबलं की पुन्हा खाली. गॅरेजमध्ये दोनदा हवा काढून झाली होती, त्यात लिटरभर ऑइल गेलं. तिसऱ्यांदा गाडी नेल्यावर मिस्त्रीनं सांगितलं, "साहेब, हवा नाई हाय आता. मास्टरच गेला असंन." मालकांचं मत उलट: हवाच राहिली आहे, आपण घरी नीट काढू.

पूर्ण बरोबर दोघांचंही नव्हतं आणि पूर्ण चूकही नव्हतं. पेडलची तक्रार तीन प्रकारची असते, आणि बोलताना ती तिन्ही "ब्रेक मऊ लागतो" या एकाच वाक्यात कोंबली जाते. पेडल गादीसारखं दबतं, कितीही दाबलं तरी शेवटी कडक होत नाही, तर आत हवा आहे किंवा रबरी होज (ऑइलची लवचिक नळी) फुगतोय. पेडल कडक लागतं पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली सरकतं, तर मास्टरचं रबर आतून ऑइल सोडतंय किंवा बाहेर कुठे गळती आहे. आणि पहिला दाब खोल, दुसरा वर, तर बहुतेक वेळा शू ड्रमपासून लांब आहेत. पहिल्या दाबातलं ऑइल ते अंतर कापण्यातच संपतं. पेडल झटकन सोडून पुन्हा दाबलं की पिस्टन परतताना टाकीतून जास्तीचं ऑइल पुढे ओढून घेतो, त्यामुळे दुसऱ्या दाबाला पुरतं.

या गाडीचं लक्षण तिसऱ्या प्रकारचं होतं. पण दुसऱ्या दाबाच्या शेवटी किंचित गादीही लागत होती.

समोरचे पर्याय

मास्टर सिलिंडर काढून किट बदलणे हा मिस्त्रीचा पर्याय. मायनरमध्ये हे दिसतं तेवढं सोपं नाही. मास्टर धरणारे बोल्ट चॅसीच्या दांड्यातून आरपार जातात आणि बाहेर ओढताना पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारला (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याला) अडतात. म्हणजे ब्रेकच्या कामासाठी सस्पेन्शनला हात लावायचा. (हे एकदा केलेले शहाणे लोक परत बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घालतात.) पाय दाबून मिनिटभर धरला तर पेडल सरकत नव्हतं, म्हणून हा पर्याय मागे ठेवला गेला.

दुसरा पर्याय हवेच्या दाबानं ऑइल ढकलण्याचा. त्यासाठी टाकीच्या तोंडाला घट्ट बसणारं झाकण लागतं आणि टाकी फ्लोअरखाली असल्यानं झाकण नीट बसलं की नाही ते दिसतही नाही. सुटलं तर ऑइल थेट गालिच्यावर.

कुणीतरी आधुनिक गाडीचा दुहेरी मास्टर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवायला सुचवलं. सुरक्षेच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे; एकेरी सर्किट ही या गाडीची खरी कमजोरी आहे. पण मूळचा दोष न शोधता केलेला बदल दोष सोबत घेऊन जातो.

राहिला शेवटचा: आधी तपासणी, मग दोन माणसांनी पायानं दाबून हवा काढणे. हाच निवडला.

पहिला निर्णय: निपल उघडण्याआधी शू वर घेणे

गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली. जॅकच्या भरवशावर खाली कुणी गेलं नाही. चाकं काढली, ड्रमच्या भोकातून पेचकसानं सहाही अॅडजस्टर ड्रम पूर्ण जाम होईपर्यंत वर घेतले. हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर मागचं सेटिंग खोटं येतं.

ही चाचणी करायला वीस मिनिटं लागतात आणि ऑइलचा एक थेंब वाया जात नाही. शू ड्रमला चिकटलेले असताना व्हील सिलिंडरच्या पिस्टनला हलायला जागाच नसते. तरीही पेडल गादीसारखं लागलं तर हवा किंवा होज. पेडल वर आणि दगडासारखं झालं तर हवेचा प्रश्नच नाही, सगळा दोष सेटिंगचा.

इथे निकाल मधला आला. पेडल पहिल्याच दाबात दोन तृतीयांश वर आलं, पण शेवटच्या अर्ध्या इंचात स्प्रिंग लागत होती. म्हणजे दोन दोष होते. मोठा सेटिंगचा: नवे जाड लायनर असताना ड्रम चढावा म्हणून गॅरेजमध्ये अॅडजस्टर पूर्ण मागे घेतले गेले आणि नंतर वर घ्यायचे राहून गेले. छोटा हवेचा.

होजही याच वेळी पाहिले. मायनरला ते तीनच: पुढे दोन, मागे एक. पुतणीनं पेडल दाबलं, काकांनी एकेक होज मुठीत धरला. फुगवटा जाणवला नाही; मागच्या होजवर मात्र बारीक भेगा दिसल्या. नवा होज हाताशी नव्हता, म्हणून "नंतर बघू" ठरलं. हा निर्णय लक्षात ठेवावा.

हवा काढणे

ऑइल डॉट ३ या प्रतीचं. नवं, सीलबंद, अर्ध्या लिटरचे दोन डबे. डॉट ४ चाललं असतं, दोन्ही ग्लायकॉलचीच. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी शोषलेल्याचा १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ही ऑइलं हवेतला ओलावा ओढतात, म्हणून मागच्या पावसाळ्यात फोडलेला डबा मालकांनी बाजूला ठेवला ते बरोबरच. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइलचा थेंबही या यंत्रणेत जाता कामा नये. रबर फुगतं आणि सहा सिलिंडरचं काम पुन्हा करावं लागतं. आधी कुणी तसलं काही घातलं असेल अशी शंका असल्यास टाकीतले चार थेंब पाण्याच्या ग्लासात टाकावेत. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, खनिज तेल तरंगतं. इथे विरघळलं.

पाना हा लहान वाटणारा पण नडणारा मुद्दा. निपलचं डोकं ७/१६ इंची, म्हणजे ११.१ मिलीमीटर. ११ नंबरचा पाना कधी ठोकून बसतो, कधी बसतच नाही. १२ नंबरचा सहज बसतो आणि डोकं गोल करून टाकतो. मागच्या डाव्या निपलच्या कडा आधीच झिजलेल्या होत्या, त्या कुणाच्या पान्यानं ते उघड होतं. ७/१६ चा रिंगपाना वापरला आणि निपलच्या मुळाशी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं.

निपलला माशांच्या टाकीची पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत दोन इंच ऑइलमध्ये बुडवलेलं. क्रम लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. अॅडजस्टर घट्टच ठेवले, म्हणजे सिलिंडरमधली पोकळी सर्वात लहान राहते आणि हवेला दडायला जागा कमी मिळते.

संवाद तीनच शब्दांचा. काका म्हणणार "दाब", पुतणी सावकाश पेडल खाली नेणार आणि "धरलं" म्हणून तिथेच थांबणार. तेवढ्यात निपल अर्धा फेरा उघडलेला. निपल बंद झाल्यावरच "सोड". हा क्रम उलटला, पेडल आधी सुटलं, तर निपलच्या आट्यांतून हवा आत ओढली जाते. सुरुवातीला पुतणी भरभर पंप करत होती. त्यानं ऑइलला फेस येतो आणि एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात, ते बाहेर यायला मग वेळ लागतो. वेग कमी केल्यावर मागच्या डाव्या चाकातून आधी तपकिरी, काळ्या रबरकणांचं ऑइल आलं, मग तीन मोठे बुडबुडे आणि साधारण पाव लिटरनंतर स्वच्छ फिकट पिवळं.

तिसऱ्या चाकावर घोळ झाला. पुढच्या डाव्या चाकात एकाएकी बुडबुडे वाढले. दहा मिनिटं दोघंही चाकातच दोष शोधत राहिले. दोष फ्लोअरखाली होता: टाकी रिकामी झालेली. काका चाकाशी आणि पुतणी पेडलवर असताना टाकीत डोकावायला कुणीच नव्हतं. मास्टरमध्येच हवा शिरली म्हटल्यावर झालेलं सगळं वाया, पुन्हा मागच्या डाव्यापासून सुरुवात. पहिला डबा तिथेच संपला. बाटलीतलं ऑइल गाळून परत घालू, अशी सूचना आली आणि लगेच फेटाळली गेली. त्यात फेस, ओलावा आणि रबराचे कण असतात.

दुसऱ्या खेपेला दर आठ दाबांनी थांबून ऑइल भरलं. पातळी तोंडापासून अर्धा इंच खाली. झाकण उघडण्याआधी फ्लोअरच्या भोकाभोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, नाहीतर ती नेमकी टाकीत पडते. झाकणातलं श्वासाचं बारीक भोक सुईनं मोकळं केलं. रंगावर पडलेल्या ऑइलवर लगेच पाणी ओतलं. पुसण्यानं ते पसरतं आणि रंग उचलतं.

चारही चाकं झाल्यावर अॅडजस्टर जामपासून एकेक खाच मागे. पुढच्या चाकात दोन अॅडजस्टर असतात हे विसरून एकच सोडला की चाक घासत राहतं. हे सेटिंग थंड ड्रमवरच करावं. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो. त्यावर सेट केलं तर थंड झाल्यावर चाक अडकतं.

पेडल आता पहिल्या दाबात वर, कडक. काम इथे संपायला हवं होतं.

दुसरा निर्णय, आणि तो चुकला

पेडलच्या अगदी सुरुवातीला तीन-चार मिलीमीटरची मोकळी चाल लागत होती. मालकांना ती उरलेली ढिलाई वाटली. त्यांनी पुशरॉडचं (पेडलनं मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याचं) लॉकनट सोडून रॉड लांब केला आणि चाल शून्यावर आणली. पेडल आणखी थोडं वर आलं, समाधान झालं.

ती चाल ढिलाई नव्हती. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रबरापुढे एक बारीक भोक असतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडं पडतं आणि ओळीतलं जास्तीचं ऑइल टाकीत परततं. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये पाऊण मिलीमीटरच्या आसपास फट हवी. पेडलच्या टोकाला ती तीन मिलीमीटरहून थोडी जास्त दिसते. फट गेली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, रबर भोकावर बसून राहतं आणि ऑइल कोंडलं जातं.

पोर्चमध्ये काही कळलं नाही. पहिल्या सकाळी गल्लीत दोन फेऱ्या झाल्या, ब्रेक उत्तम. दुसऱ्या दिवशी मात्र साडेदहाला, ऊन चढल्यावर, गाडी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सच्या चढाला लागली. तिसरा गिअर ओढेना. मालकांना आधी पेट्रोलचा पुरवठा कमी वाटला, कारण उन्हाळ्यात नागपूरकर जुन्या गाडीवर पहिला संशय तोच घेतात. उतारावर न्यूट्रल करूनही गाडी घरंगळेना तेव्हा उलगडा झाला. चारही ड्रम हात लावता येणार नाही इतके तापलेले.

यातला सगळ्यात उपयोगी पुरावा "चारही" हा शब्द आहे. एकच चाक तापलं असतं तर संशय त्या चाकाच्या सिलिंडरवर, स्प्रिंगवर किंवा आतून बंद झालेल्या होजवर. मागची दोनच तापली असती तर हँडब्रेकची केबल किंवा मागचा होज. चारही म्हणजे मूळ मास्टरशी. पुतणीनं पुढच्या उजव्या चाकाचा निपल क्षणभर उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चारही चाकं एकदम मोकळी झाली. सर्किट एकच असल्यामुळे एका निपलनं सगळ्यांचा दाब उतरतो. फक्त तेच चाक सुटलं असतं तर त्या चाकाचा होज दोषी ठरला असता. निपल ऑइल वाहत असतानाच बंद केला, म्हणून हवा शिरली नाही.

त्यानंतर गाडी गिअर आणि हँडब्रेकच्या आधारानं हळूहळू घरी आणली. हे करायला नको होतं. या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो आणि तापलेल्या ब्रेकनं रहदारीत शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशीही खेळ. तासभर सावलीत थांबून, लॉकनट तिथेच सोडून चाल परत देता आली असती. नाहीतर गाडी ओढून आणायची.

निकाल

थंड झालेल्या गाडीवर पुशरॉड परत आखूड केला, पेडलला बोटानं दाबून साडेतीन मिलीमीटर चाल मोजली, लॉकनट आवळलं आणि पुन्हा मोजली, कारण आवळताना रॉड थोडा फिरतोच. लायनर काढून पाहिले, चमक आली होती पण जळले नव्हते. ओल्या कापडावर खरकागद ठेवून हलक्या हातानं घासले. ड्रममधली धूळ फुंकर मारून कुणी उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची पूड ड्रममध्ये राहिलेली असू शकते.

पुढची चाचणी दुपारी दोनला, मुद्दाम. आठ किलोमीटर, मध्ये सहा वेळा ४० च्या वेगावरून पूर्ण थांबवून. परत आल्यावर ड्रम गरम पण चारही सारखेच, आणि न्यूट्रलमध्ये गाडी एका हातानं ढकलली जात होती.

दहा दिवसांनी मागचा होज आला. तो बदलताना ओळ उघडली, त्यामुळे मागच्या दोन चाकांच्या ब्रेकची हवा पुन्हा काढावी लागली. आणखी तीनशे मिलीलिटर ऑइल आणि एक सकाळ.

वेगळं काय करता आलं असतं

होज आधीच आणून ठेवायला हवा होता. भेगा दिसल्या तेव्हाच काम थांबवलं असतं तर दुसऱ्यांदा हवा काढावी लागली नसती. एकेरी सर्किटच्या गाडीत भेगाळलेल्या होजवर दहा दिवस फिरणं हे नुसत्या वाया गेलेल्या ऑइलपेक्षा मोठं आहे.

तिसरा माणूस, टाकीवर लक्ष ठेवायला. शेजारचा शाळकरी मुलगाही चालला असता. बॅटरी मारून "ऑइल घाला" एवढंच सांगायचं होतं.

पुशरॉडची चाल हवा काढण्याआधी मोजून कागदावर लिहिली असती तर ती नंतर ढिलाई वाटली नसती. पहिली लांब चाचणी उन्हात घ्यायला हवी होती, तीही घराभोवतीच. गल्लीतल्या दोन फेऱ्यांत ब्रेक लागतात का ते कळतं, सुटतात का ते कळत नाही.

आणि गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा हवा काढायला सांगण्याआधी अॅडजस्टर वर घ्यायला सांगितलं असतं तर त्या लिटरभर ऑइलमधलं बरंचसं वाचलं असतं. थोडी हवा मात्र तरीही काढावी लागली असतीच.

मिस्त्रीचं मास्टरबद्दलचं म्हणणं अजून पुरतं खोडलं गेलेलं नाही. पुशरॉडच्या रबरी टोपीखाली बोट फिरवलं तर बोट किंचित ओलं होतं. ते रोज पुसून पाहणं सुरू आहे. ओलाव्याचा थेंब झाला की टॉर्शन बार सोडवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या दिवशी बोल्ट उलट्या बाजूने घालायचे आहेत.